दहा महिने सोलर: सबसिडी आली, सावलीही आली

जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवून दहा महिने झाले. घरात एक एसी, फ्रिज आणि बायकोचं शिलाई मशीन.

सबसिडीचा हिशोब सरळ आहे. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. पुढे कितीही पॅनल लावा, आकडा तोच. पण आधी सगळे पैसे आपणच भरायचे. नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसून तपासणी झाली की रक्कम खात्यात येते. आमची महिन्याभरात आली. त्याआधीचा उशीर आमच्यामुळेच झाला, कारण मीटर अजून वडिलांच्या नावावर होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली. नाव बदलून घेण्यातच दीड महिना गेला.

आता खरं दुखणं. बसवणारा ऑगस्टमध्ये गच्ची बघायला आला, भर दुपारी. 'सावली कुठाय की ओ काका, ऊन नुसतं डोक्यावर हाय!' खरंच होतं, ऑगस्टमध्ये सोलापुरात सूर्य डोक्यावरच असतो. दिवाळीनंतर तो दक्षिणेला कलला आणि तीनच्या सुमाराला पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनलवर चढायला लागली. पॅनल एकाच तारेत जोडलेले, त्यामुळे दोघांनी मान टाकली की बाकीचेही सुस्तावतात. रोजचे बारा-तेरा युनिट दहावर आले. फोन केला तर 'बघतो'. जानेवारीतली गड्डा यात्रा उरकली तरी तो बघतच होता. शेवटी प्लंबर बोलावून टाकी आम्हीच उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली.

बिल शून्य होत नाही, हे आधीच सांगतो. स्थिर आकार लागतोच. पूर्वी उन्हाळ्यात तीन हजारांच्या पुढे जायचं, आता दोन-तीनशेत भागतं. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण मार्चअखेर हिशोब मिटतो आणि उरलेल्यांचे स्वस्तात पैसे मिळतात. म्हणजे हिवाळ्यात साठवलेलं एप्रिलच्या एसीला कामाला येत नाही. हे आम्हाला बिल हातात पडल्यावर कळलं.

ऊन जास्त तर वीज जास्त, असंही नाही. पॅनल तापला की उत्पादन घटतं. आमचा सगळ्यात चांगला महिना मार्च, ४२ डिग्रीचा मे नाही. धूळ मात्र बारा महिने. एकदा बोअरच्या पाण्याने धुतले तर पांढरे डाग पडले, व्हिनेगर लावून पुसावे लागले. आता नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या बाजूला ठेवतो आणि सकाळी लवकर पुसून घेतो.

आणि लाइट गेली की सोलरही बंद. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप थांबतो. मे महिन्यात दुपारी दोन तास लाइट नव्हती. वर सहा पॅनल नुसते तळपत होते आणि खाली आई पुठ्ठ्याने वारा घेत विचारत होती, 'मग हे दीड-दोन लाखाचं काय बसवलंय रे?'