पिनहोल: बॉडी कॅपला भोक पाडावं की डब्याला?

पिनहोल म्हणजे लेन्सऐवजी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून फोटो काढणं. लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा घरात असला की बॉडी कॅपला, म्हणजे लेन्सच्या जागी बसणाऱ्या झाकणाला, भोक पाडायचा मोह होतो. माझा कौल मात्र दूध पावडरीच्या डब्याला आहे.

भोक दोन्हीकडे एकाच पद्धतीने पाडायचं. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापा, सुईचं नुसतं टोक टोचा, मागे आलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासा आणि तो पत्रा कॅपच्या किंवा डब्याच्या मोठ्या छिद्रावर बसवा. कॅपला साधारण ०.३ मिलिमीटर, दहा सेंटिमीटर रुंद डब्याला ०.४.

बॉडी कॅपवर निकाल लगेच दिसतो. लख्ख उन्हात, आयएसओ १०० वर (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून), एखाद्या सेकंदात काम होतं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, म्हणजे तिथल्या जैन मंदिराचे, एका दुपारी चाळीस फोटो निघतील. पण सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी उठून दिसते, आणि सेन्सर लहान असल्यामुळे चित्र डब्यापेक्षा जास्त धूसर येतं.

डब्यात मोठा, प्रकाशाने काळा पडणारा फोटो पेपर बसतो, म्हणून तपशील टिकतो. आतून डबा काळा रंगवाच. माझा पहिला कागद आतल्या चकाकीनेच वाया गेला. एका वेळी एकच कागद, उन्हात अर्धा ते एक मिनिट. मग न्हाणीत लाल दिवा लावून कागद आधी डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं रसायन), मग पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये आणि शेवटी हायपोत (चित्र पक्कं करणारं रसायन) बुडवायचा. निघते ती निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलट झालेलं चित्र; ते मोबाइलवर सुलट करता येतं. या कागदाला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे खानापूरची तांबडी माती आणि कौलं गडद उतरतात, आकाश पांढरं राहतं. खडेबाजारात मिनिटभर डबा ठेवा: चालती माणसं उमटत नाहीत, उभ्या केलेल्या गाड्या तेवढ्या राहतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो ओला कागद हातात धरून उभा होतो.

जूनमध्ये सुरुवात करणार असाल तर कॅपच घ्या. आपल्या पावसाळी ढगांखाली कागदाला दहा-दहा मिनिटं लागतात. दिवाळीनंतर डबा.

न्हाणी अंधारी करता येत नसेल तर डबा डिसेंबर ते मार्च गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून घट्ट बांधा. रसायनं लागत नाहीत. सूर्याच्या रोजच्या वाटेच्या रेघा कागदावर आपोआप उमटतात, नंतर कागद फक्त स्कॅन करायचा. मे-जूनमध्ये हे जमत नाही, कारण तेव्हा बेळगावात दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो.