लेमन बेसिलचे आठ महिने: मंजिरी खुडा, बाकी झाड बघून घेतं

परवा नर्सरीत लेमन बेसिलचं, म्हणजे लिंबाच्या वासाच्या तुळशीचं, वीतभर रोप १५० रुपयांना बघितलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले. फेब्रुवारीत मी ४० रुपयांचं बी आणलं होतं. तेवढ्यावर मुलुंडच्या आमच्या ग्रिलमध्ये आज चार कुंड्या आहेत.

आधी रागाचं सांगते. पाकिटावर छापलं होतं, बी अर्धा इंच मातीखाली पेरा. तसं पेरलं, तर पंधरा दिवसांत दोनच रोपं. दुकानदार म्हणाला, तुमच्या मातीतच दोष आहे. महिनाभर मी बी जुनं असंच धरून चालले होते. ती माझी चूक. उरलेलं बी ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) नुसतं भुरभुरवलं, वर काही घातलंच नाही. सब्जासारखा बुळबुळीत थर फुगला आणि आठवड्यात हिरवे ठिपके दिसले. बी चांगलं होतं, ते इतकं खोल पुरायला नको होतं. पण ती सूचना अजून तशीच छापतात, हे मला खटकतं.

आता मंजिरी. मेमध्ये शेंड्यावर मंजिरी आली. आई (सासूबाई) म्हणाल्या, "तुळशीचीच जात ना ही, राहू दे, देवाला होईल." राहू दिली. तीन आठवड्यांत पानं बारीक झाली, दांडा लाकडासारखा टणक आणि वास अर्ध्यावर. हे वर्षभराचं झाड. बी धरलं की त्याचं काम संपलं. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी सकाळी बघते. शेंड्याची पानं दाटीनं चौकोनी रचल्यासारखी दिसली की मंजिरी येणार. लगेच खालच्या पानांच्या जोडीच्या थोडं वर खुडायचं. त्या जोडीच्या बेचक्यातून दोन फांद्या फुटतात, मग त्यांच्या चार. खत मी दोनदाच घातलं असेल. झाड दाट झालं ते खुडण्यानं. एका कुंडीची मंजिरी मात्र आईंसाठी सोडते.

जुलैत दोन कुंड्या बुडाशी काळ्या पडून गेल्या. पाऊस थेट लागत होता, वर मी पाणीही घालत होते. खुडलेले शेंडे ओट्यावर ग्लासभर पाण्यात ठेवले होते, त्यांना दहा दिवसांत मुळं फुटली होती, म्हणून वाचले. पुन्हा बी विकत आणावं लागलं नाही.

स्वयंपाकात गॅस बंद केल्यावरच घाला, उकळलं की वास उडतो. दुधाच्या चहात घालायला मी घाबरत होते, लिंबाच्या वासानं दूध फाटेल म्हणून. फाटलं नाही! वास गवती चहात असतो त्याच सिट्रल नावाच्या सुगंधी द्रव्याचा, आंबटपणा नाहीच. कपात चार पानं टाकून वरून चहा गाळायचा. आमच्याकडे आता गवती चहाची जुडी येत नाही.

गेल्या रविवारी मुळं फुटलेले दोन शेंडे खालच्या काकूंना दिले. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं, त्या जूनपासून रागावल्या होत्या. देताना मंजिरीचं तेवढं दोनदा सांगितलं.