जीएचजी प्रोटोकॉल आणि नेट-झिरो मानक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नेट-झिरोचं, म्हणजे उत्सर्जन जवळपास शून्यावर आणून उरलेलं वातावरणातून काढून घेण्याचं, मार्गदर्शन शोधायला गेलं की आधी हाती लागतात उद्दिष्टाचं वर्ष ठरवणारी कागदपत्रं. ती बाजूला ठेवा. आधी कंपनीच्या उत्सर्जनाचा हिशेब, आणि त्यासाठी जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या नियमावलीतल्या कॉर्पोरेट मानकाची 2004 ची आवृत्ती आजही सर्वांत कामाची. फुकट मिळते.

हद्द ठरवण्याची प्रकरणं, तिसरं आणि चौथं, घाईत उरकू नका. भाड्याचं गोदाम, कंत्राटदाराचे ट्रक कुठे मोजायचे हे इथेच ठरतं. नंतर बदललं की सगळे तक्ते पुन्हा.

स्कोप 1, म्हणजे कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन (इंधन, वायुगळती), सोपा वाटतो, पण चुका इथेच जास्त. डिझेल लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. मात्र खरेदी म्हणजे वापर नव्हे, सुरुवातीचा साठा मिळवून शेवटचा वजा करावा लागतो. नैसर्गिक वायूचं बिल बहुधा ग्रॉस उष्मांकावर (ज्वलनातल्या वाफेची उष्णता धरून) असतं आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा गुणक (गिगाज्यूलला 56.1 किलो) नेट उष्मांकावर (ती वगळून). तसंच गुणलं तर आकडा दहाएक टक्क्यांनी फुगतो. एसीत वर्षभरात आर-410ए या शीतक वायूचे 10 किलो भरले, तर ती जवळपास 21 टन कार्बन डायऑक्साइडइतकी गळती झाली, म्हणजे 7,800 लिटर डिझेल जाळल्यासारखं. ही नोंद हिशेब विभागात सापडत नाही, मेंटेनन्सच्या रजिस्टरात असते.

स्कोप 3 चे, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या साखळीतल्या उत्सर्जनाचे, 15 प्रकार आहेत. खर्चावरून काढलेला अंदाज फक्त मोठे प्रकार ओळखण्यापुरता. पोलाद महागलं की माल तेवढाच असूनही उत्सर्जन वाढलेलं दिसतं. तिथे रुपयांऐवजी मालाच्या किलोंवर या.

मग एसबीटीआयचं (कंपन्यांची उत्सर्जन-उद्दिष्टं विज्ञानाच्या कसोटीवर तपासणारी संस्था) नेट-झिरो मानक उघडा. स्कोप 1 आणि 2 (विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन) साठी, तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखण्याच्या मार्गावर, वर्षाला 4.2 टक्के घट, तीही पायाभूत (तुलनेसाठी धरलेल्या सुरुवातीच्या) वर्षाच्या आकड्यावर. दहा वर्षांत 42 टक्के. दरवर्षी आदल्या वर्षावर 4.2 टक्के धरले तर जेमतेम 35 भरतात, आणि ही चूक भल्याभल्यांच्या तक्त्यात दिसते. शेवटी कपात 90 टक्क्यांच्या आसपास लागते; ऑफसेट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीचं श्रेय, विकत घेऊन ती भरून निघत नाही.

तक्रार एकच: कपात नेमकी कुठल्या यंत्रावर करायची, हे दोन्हींत नाही. त्यासाठी आयएसओ 50001 या ऊर्जा-व्यवस्थापन मानकाची ऊर्जा-आढाव्याची पद्धत बरी. हवेच्या कॉम्प्रेसरपासून सुरुवात करा. उत्पादन बंद असताना तो चालू ठेवा आणि लोड-अनलोडच्या (हवा भरण्याच्या आणि नुसतं फिरण्याच्या) वेळा लिहा. एकूण वेळेत लोडचा वाटा जितका, साधारण तितकी क्षमता गळतीत जाते.