इलेक्ट्रिक गाडीतलं उपग्रह इंटरनेट: नाशिकच्या रस्त्यांवर कितपत कामाचं?

शोरूममध्ये ‘कनेक्टेड कार’ म्हणून दाखवतात ते ई-सिम, म्हणजे मोबाईलचाच टॉवर. नाशिक शहरात, द्वारका ते सातपूर, त्याची काही अडचण नाही. नेटवर्क दगा देतं ते कसारा घाटात, जव्हारच्या वळणांवर, घोटीहून भंडारदऱ्याकडे वळल्यावर. तिथे छतातच बसवलेला उपग्रहाचा अँटेना किती उपयोगी पडेल?

विजेची चिंता नको. छोटा अँटेना साधारण २५ ते ४० वॉट घेतो. पाच तास चालला तरी फार तर २०० वॉट-तास. तेवढ्यात गाडी जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर धावते. मात्र गाडी बंद असताना तो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर रात्रभर चालू राहिला, तर सकाळी गाडी सुरूच होणार नाही.

खरी अडचण आभाळाची. अँटेनाला डोक्यावर मोकळं आकाश लागतं. घाटात एका अंगाला कडा आणि वर झाडी, त्यामुळे वळणावळणाला जोडणी तुटते. समृद्धी महामार्गाच्या इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात तर काहीच मिळणार नाही. जुलैतला इगतपुरीचा मुसळधार पाऊसही सिग्नल शोषून घेतो. काचेच्या छतावर उष्णता अडवणारा धातूचा थर असेल, तर त्याखाली अँटेना बसवून उपयोग नाही.

आणि चार्जिंगचं काय? ॲपमध्ये ‘स्टार्ट’ दाबलं की आदेश आधी चार्जिंग कंपनीच्या सर्व्हरला जातो, तिथून चार्जरमधल्या सिमला. ते सिमच ऑफलाइन असेल तर तुमच्या गाडीत कितीही चांगलं इंटरनेट असो, चार्जरची गन (गाडीला लावायचा प्लग) लावून नुसतं उभं राहावं लागतं. त्यावर उपाय आरएफआयडी कार्ड, म्हणजे चार्जरला टेकवून चार्जिंग सुरू करायचं कार्ड, पण तेही चार्जरच्या मेमरीत कार्डांची यादी साठवलेली असेल तरच ऑफलाइन चालतं. कार्ड घेतानाच हे विचारून घ्या. यूपीआयला नेटवर्क लागतं, म्हणून चार्जिंग ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे आधीच भरा आणि नाशिक, पालघर, डांगचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून ठेवा.

मग उपग्रहाला पैसे मोजावेत कशासाठी? एसओएससाठी, म्हणजे संकटात मदत मागणाऱ्या संदेशासाठी. टॉवर नसेल तर गाडीतलं एसओएस बटण मुकं होतं, आणि रात्री घाटात अपघात झाला तर उपग्रहावरून गेलेला एक छोटा संदेशही जीव वाचवू शकतो. त्याला वेग लागत नाही. विक्रेत्याला वेगाचे आकडे विचारू नका. एसओएस टॉवरविना जातो का, तेवढं लेखी घ्या. परदेशातून डिश आणून छतावर बसवायच्या फंदात मात्र पडू नका, परवान्याशिवाय ते वापरणं बेकायदा आहे.