परदेशातील घटस्फोटाचे कागद आणून देणारी सेवा : ४२ हजार रुपयांत काय मिळाले

परदेशातील न्यायालयांमधून कागदपत्रे मिळवून देतो अशी पाटी लावलेली कार्यालये नागपुरात आता बरीच दिसतात. सीताबर्डीवरील अशाच एका कार्यालयाकडे आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीत गेलो होतो. त्यांनी पुढे काही रक्कम परत केली आणि वाद मिटला, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. परंतु त्या सात-आठ महिन्यांत जे समजले ते अशाच कामासाठी पैसे मोजणाऱ्या कुटुंबांना ठाऊक असावे, असे मला वाटते.

प्रकरण माझ्या भाचीचे. तिचे लग्न नागपुरातच झाले होते. पुढे दोघेही नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आणि २०१७ साली सॅन होजे येथे, सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टातून परस्परांच्या संमतीने वेगळे झाले. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचे स्वतःचे सुपीरियर कोर्ट आहे. भाची नागपूरला परतली तेव्हा घर हलवण्याच्या गडबडीत मूळ कागद हरवले आणि तिच्याजवळ फोनमधील दोन पुसट छायाचित्रे तेवढी उरली. आता पुनर्विवाह ठरल्यावर सही-शिक्क्याची नक्कल लागणार होती.

कार्यालय छान होते, वातानुकूलित होते आणि चहाही आला. संचालक तरुण व बोलका होता. "काकाजी, टेन्शन नका घेऊ, बर्थ सर्टिफिकेटसारखंच राहते ते, दीड महिन्यात होऊन जाते," असे त्याने सांगितले आणि मी ४२ हजार रुपये भरले. आयुष्यभर लेखा विभागात दुसऱ्यांची देयके तपासून परत पाठवणाऱ्या माणसाने कोणत्या कार्यालयात अर्ज करणार एवढेही विचारू नये, याची माझी मलाच आजही लाज वाटते.

कारण घोळ नेमका त्या "बर्थ सर्टिफिकेटसारखंच" या शब्दांत होता. त्यांनी अर्ज केला तो कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिथे जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. त्या विभागाकडे घटस्फोटांची नोंद आहे ती फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातील, आणि तीही हुकुमनाम्याची नक्कल नव्हे, तर नोंद असल्याचा दाखला एवढीच. बाकी सर्व घटस्फोटांचे कागद ज्या काउंटीत निकाल लागला त्या काउंटीच्या कोर्टातच असतात आणि ते देण्याचा अधिकार तेथील लिपिक कार्यालयाला आहे. एप्रिलमध्ये नकार आला तेव्हा दीड महिना उलटून गेला होता. तो नकारही आम्हाला "प्रोसेसमध्ये आहे" असा ऐकवण्यात आला. खरे काय ते टेबलावरील मुलीने, संचालक बाहेर गेलेले असताना, सांगितले.

दुसऱ्या खेपेला अर्ज कोर्टाकडे गेला, पण शोध लागेना. खटल्याचा क्रमांक ठाऊक नसेल तर पक्षकाराच्या नावावरून सूचीत शोधावे लागते, आणि यांनी शोधले ते भाचीच्या माहेरच्या आडनावाने. दावा दाखल झाला तेव्हा तिचे आडनाव सासरचे होते. शिवाय आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते, ते तेथील नोंदीत कधी मधल्या रकान्यात बसते तर कधी आडनावाला चिकटते. मी भाचीकडून तिच्या त्या काळातील पासपोर्टावरचे नाव अक्षर न अक्षर लिहून घेतले आणि त्यांना दिले, तेव्हा कुठे क्रमांक सापडला. क्रमांक मिळाल्यावरही कौटुंबिक खटल्यातील कागद कोणालाही घरबसल्या संगणकावर उघडता येत नाहीत, ते कोर्टाकडूनच मागवावे लागतात. ही बंधने मला तरी योग्यच वाटतात.

जुलैत पाकीट आले. आत दोन पाने, त्यावर कोर्टाचा शिक्का आणि वर सुबकपणे जोडलेले अपोस्टिल, म्हणजे कागदावरील सही-शिक्का खरा असल्याचे परदेशातही चालणारे प्रमाणपत्र. भारतात अपोस्टिलचा करार जुलै २००५ पासून लागू आहे, त्यामुळे दूतावासाच्या फेऱ्या वाचतात, आणि कॅलिफोर्नियात हे प्रमाणपत्र राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळते. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. मी सवयीने चष्मा लावून दुसऱ्या पानाच्या तळाशी पाहिले. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा निकाल एफएल-१८० नावाच्या दोन पानी छापील नमुन्यावर असतो आणि न्यायाधीशांच्या सहीच्या जवळ जोडलेल्या पानांची संख्या लिहिण्याचा एक छोटा रकाना असतो. त्या रकान्यात हाताने २३ लिहिलेले होते. आमच्या हातात त्या २३ पैकी एकही पान नव्हते.

संचालकाला विचारले तर तो म्हणाला, "डिक्री तर आली ना काकाजी, बाकी काहून पाहिजे?"

काहून पाहिजे, ते आमच्या वकील मॅडमनी सिव्हिल लाईन्समधील त्यांच्या कार्यालयात पंधरा मिनिटांत समजावून सांगितले. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेले आणि घटस्फोट परदेशात झालेला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव खटल्यातील निकाल पाहिला जातो. परदेशी न्यायालयाचा हुकूम आपल्याकडे मान्य व्हायचा तर एकतर घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यात बसणारे असावे लागते, नाहीतर दुसऱ्या पक्षाने तो दिलासा देण्यास संमती दिलेली असावी लागते. कॅलिफोर्नियात १९७० पासून दोष सिद्ध न करता, मतभेद मिटण्यासारखे नाहीत एवढ्या कारणावर घटस्फोट मिळतो. हिंदू विवाह कायद्यात असे कारण नाही. तेव्हा आमच्या बाजूने सगळा भार संमतीवर होता, आणि ती संमती दोन पानांत कुठेच दिसत नव्हती. दोघांच्या सह्यांचा समझोता त्या २३ पानांत होता. नवऱ्याला समन्स पोहोचल्याचा पुरावा आणि एकमताने निकाल लावावा असे त्याने लिहून दिल्याचा नमुना, म्हणजे अनुक्रमे एफएल-११५ आणि एफएल-१३०, हे मूळ संचिकेत स्वतंत्र होते. मॅडमनी पेन्सिलीने एका चिठ्ठीवर ही तीन नावे लिहून दिली.

ती चिठ्ठी घेऊन मी पुन्हा सीताबर्डीला गेलो नाही. भाचीची एक मैत्रीण सॅन होजेजवळ सनीवेलला राहते, तिला ईमेल केला. तिने एका दुपारी कोर्टात जाऊन अर्ज दिला आणि पावत्यांची छायाचित्रे पाठवली. घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत १५ डॉलर, इतर कागदांच्या प्रमाणीकरणासाठी प्रत्येकी ४० डॉलर, आणि नकलेचे पानामागे ५० सेंट. पुढे सॅक्रामेंटोला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे टपालाने तिन्ही कागद पाठवून अपोस्टिलचे प्रत्येकी २० डॉलर. म्हणजे पानांचे पैसे आणि टपाल सोडले तर १५५ डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे १३ हजार रुपये. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट घरी आले आणि मी निकालाची पाने मोजली. २५ होती.

त्या समझोत्याखेरीज निकालाच्या नमुन्यातील आणखी दोन रकाने पाहून ठेवण्यासारखे आहेत. एक म्हणजे विवाह संपुष्टात येण्याची तारीख. कॅलिफोर्नियात समन्स पोहोचल्यापासून किंवा समोरचा पक्ष हजर झाल्यापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत वैवाहिक स्थिती संपत नाही, त्यामुळे निकालाची तारीख आणि लग्न खरोखर संपल्याची तारीख वेगळ्या असू शकतात. आमच्याकडे त्यांत सात आठवड्यांचे अंतर होते आणि नागपूरच्या न्यायालयासाठी केलेल्या अर्जात पहिलीच तारीख टंकलिखित झाली होती, ती मॅडमनी दुरुस्त केली. दुसरा रकाना पूर्वीचे नाव परत मिळाल्याचा. भाचीच्या आधारवर माहेरचे आडनाव आणि हुकुमनाम्यावर सासरचे, या दोहोंना जोडणारा तेवढाच एक कागद होता.

नागपुरात दाखल करण्याचे काम त्यामानाने सरळ होते. विशेष विवाह कायद्याखाली पुनर्विवाहाची नोटीस देऊन ३० दिवस थांबणे हा एक मार्ग होता, पण पुढे कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून मॅडमनी आधी कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ खाली वैवाहिक स्थितीच्या घोषणेसाठी अर्ज करण्याचा सल्ला दिला. अर्ज, शपथपत्र, वकालतनामा, दस्तऐवजांची यादी आणि प्रमाणित प्रतींचे संच अशी ती संचिका झाली. संच काढायला मी न्यायालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर तेथील मुलाने कागद सरळ बसावा म्हणून अपोस्टिलची पिन उचकटायला नखच घातले होते. मी ओरडलो. प्रमाणपत्र आणि कागद यांची जोडणी सुटली की ते प्रमाणपत्र कशाचे हेच सांगता येत नाही. पाने दुमडून, पिन न काढता नकला घ्याव्या लागतात, मग त्या थोड्या तिरप्या आल्या तरी चालतील. त्याने तशा काढून दिल्या आणि पानामागे दोन रुपये घेतले. संपूर्ण प्रकरणात पैशाचा पुरेपूर मोबदला देणारा माणूस बहुधा तोच.

येथे एक गोष्ट नागपुरातच घटस्फोट झालेल्यांसाठी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येच तरतूद आहे की घटस्फोटाच्या हुकुमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची. बहुतेक जण ती घेतात, कपाटात टाकतात आणि दहा वर्षांनी नक्कल विभागात खटल्याचा क्रमांक आठवत उभे राहतात. न्यायालयाच्या संगणकीय नोंदीत प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक घरातील वहीत लिहून ठेवला असेल तर तेथील काम फार हलके होते.

आता त्या सीताबर्डीच्या सेवेविषयी न्यायाने बोलायचे तर, अपोस्टिलची जोडणी निर्दोष होती, पाकीट जलरोधक होते, ते कुठवर आले याचे संदेश वेळेवर येत होते, आणि ऑगस्टच्या अखेरीस मी १९६२ ते १९८४ चा मुद्दा लेखी मांडल्यावर त्यांनी हुज्जत न घालता १५ हजार रुपये परत केले. ज्याच्याजवळ कोर्टाची पूर्ण, पानांनिशी प्रमाणित प्रत आधीच आहे आणि फक्त अपोस्टिल करून हवे आहे, त्याने जायला हरकत नाही. खटला शोधणे आणि संचिकेतील कोणते कागद मागवायचे हे ठरवणे मात्र त्यांच्यावर सोपवू नये. ती यादी वकिलाकडून घेऊन मगच त्यांच्या पायऱ्या चढाव्यात. पाचपैकी दोन तारे मी देतो, त्यातला एक टेबलावरील त्या मुलीचा.