पाचगणीचा बंगला, फ्रेडीची सही आणि माझे 51,350 रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय ते हसून घेतील. 51,350 रुपये. त्यात 5,000 टोकन, 38,500 उरलेली रक्कम, 1,850 'इन्शुरन्सवाल्या' कुरिअरचे आणि 6,000 सहीच्या सर्टिफिकेटचे. सगळे यूपीआयने, सगळे मी स्वतः पिन टाकून पाठवलेले. बदल्यात आलं काय, तर बाजारात साडेतीन-चार हजारांना मिळणारी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची नवीकोरी रेकॉर्ड आणि कव्हरच्या मागे काळ्या मार्करने कुणीतरी खरडलेलं 'फ्रेडी मर्क्युरी', म्हणजे त्यांच्या गायकाचं नाव.

घरी मी 4,000 च सांगितलेत. हे वाचून कळलं तर कळू दे, आता तेही लपवायचा कंटाळा आलाय.

टोकन, मग उरलेले, मग मध्येच उपटलेला एखादा चार्ज, हा खेळ कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं! सैन्यातून बदली झाली म्हणून बुलेट स्वस्तात विकणारे मलाही भेटलेत आणि मी त्यांना फोनवर यथेच्छ झापलंय. म्हणून कृपा करून 'एवढं शिकलेला माणूस फसतो कसा' हे कमेंटीत लिहू नका. बुलेटचा मला मोह नव्हता. या रेकॉर्डचा होता, आणि तो कसा होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी वाईचा. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. शाळेत असताना एका कॅसेटवाल्याकडून साठ मिनिटांच्या रिकाम्या कॅसेटवर हा अल्बम भरून घेतला होता. सतरा गाणी, एका बाजूला जेमतेम एकोणतीस मिनिटं, दुसऱ्या बाजूलाही तेवढीच. जणू कॅसेट मोजूनच अल्बम बनवलाय. बाकीच्या 'बेस्ट ऑफ'मध्ये चार गाणी चांगली आणि उरलेली भरताड असते. इथे पुढे ढकलावं असं एकही सापडत नाही. सुरुवातच 1975 च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं, ज्यात धड ध्रुवपद नाही आणि मध्येच ऑपेरा सुरू होतो. मग तोच माणूस 'समबडी टू लव्ह'मध्ये चर्चमधल्या गायकवृंदासारखा आळवतो, 'क्रेझी लिटल थिंग'मध्ये थेट पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलवाल्यांसारखा गातो, आणि शेवटी 'वुई विल रॉक यू'च्या टाळ्या-पावलांमागे 'चॅम्पियन्स' येतं. इंग्रजीचे शब्द निम्मे कळायचे नाहीत. गळा कळायचा. तान घेणाऱ्याचा दम ओळखायला भाषा लागत नाही.

ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच आहे. 2022 मध्ये त्याने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. आणि हा गाणारा, मूळचा फारुख बल्सारा, झांझिबारच्या पारशी घरातला मुलगा, 1955 पासून आमच्या डोक्यावर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकत होता, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून पियानो बडवत होता, हे मला कळायला कित्येक वर्षं गेली. कळलं तेव्हा जे वाटलं ते वाईच्या माणसालाच कळेल.

नेमक्या या जागेवर त्या विकणाऱ्याने बोट ठेवलं.

जुन्या रेकॉर्डच्या एका ग्रुपवर पोस्ट होती: 'पाचगणी येथील जुन्या पारशी बंगल्यातील एलपी विकणे आहेत.' मी सहज विचारलं, क्वीन आहे का? (आधी मीच विचारलं, हे लक्षात ठेवा.) दोन तासांनी उत्तर आलं, 'आहे सर, पण ती द्यायची की नाही ठरलं नाही, सही आहे तिच्यावर.' मग फोन. मराठी आपल्याच बाजूची, आवाज नम्र, मला 'काका' म्हणाला. बंगल्याचे मालक वारले, मुलं परदेशात, हा केअरटेकरचा नातू. मालक म्हणे शाळेत फ्रेडीच्या वर्गात होते. 1982 मध्ये लंडनला गेले तेव्हा त्याने सही करून दिली.

म्हणाला, 'शाळेत सगळे त्यांना मर्क्युरीच म्हणायचे.'

मी त्याला दुरुस्त केलं! म्हटलं, बाळा, मर्क्युरी हे नाव त्याने पुढे लंडनला गेल्यावर घेतलं, शाळेत तो बल्सारा. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, 'बघा काका, म्हणूनच तुम्हाला द्यावीशी वाटते. ज्याला कळतं त्याच्याकडे जावी.' आणि मी खूश! पुढच्या फोनवर त्याच्या तोंडी 'बल्सारा' अगदी सराईतपणे होतं. 1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि घरचे सगळे इंग्लंडला गेले, हेही मीच सांगितलं होतं. तेही दोन दिवसांनी 'मालक सांगायचे' म्हणून माझ्याकडे परत आलं. त्याला क्वीनमधलं ओ की ठो माहीत नव्हतं. सगळा माल माझा होता, त्याने फक्त गाठोडं बांधून मलाच विकलं.

आता तो अंगठा. मला झोप लागत नाही ती त्या अंगठ्यामुळे.

त्याने कव्हरच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवले. एकात सही जवळून, एकात पूर्ण कव्हर, एक खिडकीपाशी उजेडात धरलेला. प्रत्येक फोटोत कव्हर डाव्या हातात, आणि अंगठा खालच्या कडेला त्याच ठिकाणी. नखाखाली काळपट रेघ. मी सही बोटांनी मोठी करकरून बघितली, 'एफ'चा फराटा नेटवरच्या सह्यांशी ताडून बघितला, आणि अंगठ्याकडे ढुंकून बघितलं नाही. व्हिडिओ कॉलवरही तोच अंगठा तिथेच. मी म्हटलं, जरा खालचं दाखव. तर म्हणाला, 'काका, नेट जातंय,' आणि गेलंच. पाचगणीत पावसाळ्यात नेट जातं, हे मला माहीत. वाईचा ना मी! त्याची सबबसुद्धा मीच पुरवली.

पार्सल आलं. अंगठा ज्या जागी होता तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत, बँडच्या वेबसाइटचा पत्ता. डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूसकट. वर्ल्ड वाइड वेब लोकांसाठी खुलं झालं ऑगस्ट 1991 मध्ये, आणि फ्रेडी त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला गेला. त्यावर सहीखाली तारीख 1982 ची. पाकिटात एकाऐवजी दोन रेकॉर्ड निघाल्या तेव्हा तर बोलायलाच नको. 1981 ची मूळ ब्रिटिश रेकॉर्ड एकच, ईएमआय कंपनीची, क्रमांक ईएमटीव्ही 30. नव्या आवृत्तीत तीच गाणी दोनांवर पसरलीत. हे सगळं मला आधीपासून पाठ होतं. पैसे भरायच्या आधी 'किती रेकॉर्ड आहेत आत' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

किमतीवरून तरी संशय यायला हवा होता, असं मित्र म्हणतो. बरोबर आहे. 2023 च्या सप्टेंबरात लंडनला सदबीज या लिलाव कंपनीने फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव केला, त्यात त्याचा पियानो 17 लाख पौंडांहून जास्तीला गेला. ती बातमी या पठ्ठ्यानेच मला पाठवली होती. म्हणाला, 'तिकडे कोटी मिळतील, पण कागदपत्रं कोण करणार? मला बहिणीच्या फीपुरते हवेत.' मी लुबाडायला निघालो नव्हतो हो. उलट त्या पोराला कमी पडतायत असं वाटून 35,000 वरून मीच 38,500 केले. हसा.

सही खरी असेल तर विकणारा घाईत नसतो. घाई दिसली की फोन ठेवा. आणि सही बाजूला केली तर त्या वस्तूचं मोल काय उरतं ते आधी बघा. सत्तर लाख खपलेली रेकॉर्ड दुर्मीळ नसते, मूळ 1981 ची साधी प्रतही काही सोन्याची नाही.

आता आपले रक्षणकर्ते. आधी बँक. 'सर, पिन तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार अधिकृत आहे.' अधिकृत! मग तक्रारीचा फॉर्म, मग कस्टमर केअर, मग तोच फॉर्म पुन्हा. निदान ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं, तर 'पोलिसांचं पत्र आणा'. पोलीस ठाण्यात म्हणाले, 'हे सायबरकडे'. सायबरवाले म्हणाले, 'रक्कम लहान आहे, आधी स्थानिक ठाण्यात नोंदवा'. तिथला हवालदार भला माणूस असावा, चहा मागवला, पण पहिला प्रश्न, 'फ्रेडी कोण? आरोपी का?' मी समजावलं. तो शांतपणे म्हणाला, 'मग वस्तू मिळाली ना तुम्हाला? मिळाली. मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.' म्हटलं, सही खोटी आहे. 'खोटी आहे हे कोण सांगणार? सही करणाऱ्याला बोलवा.'

साहेब, तो 1991 मध्ये वारला.

'मग अवघड आहे.'

बाजूच्या टेबलावरचे फौजदार मान वर न करता म्हणाले, 'एक्कावन्न हजार? गाण्याच्या तबकडीला?' आणि सगळं ठाणं हसलं. पैसे गेल्याचं एकवेळ सोसेन. ते हसणं सोसत नाही. शेवटी तक्रारअर्जाची पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. ऑनलाइन केलेल्या तक्रारीचा मेसेज आला की ती संबंधित ठाण्याकडे पाठवली आहे. संबंधित ठाणं म्हणजे हेच, हसलेलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर 'दिवाणी मामला' ऐकून उठू नका. खोटं सांगून पैसे काढून घेणं ही फसवणूकच, आधीचं 420 आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झालंय. हद्द आमची नाही म्हणाले तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगा, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तरी नकार दिला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येतं. मी पाठवलंय, रजिस्टर एडीने. बघू. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मीही फोन केला, पण पैसे जाऊन आठवडा उलटल्यावर. पहिल्या काही तासांत केला तर पैसे वाटेत अडवता येतात, नंतर ते खात्याखात्यांतून कधीच पांगलेले असतात.

रेकॉर्ड घेणाऱ्यांनी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक मागावा, फोटोत, आजच्या वर्तमानपत्राशेजारी धरून. तो डिस्कॉग्ज या रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर ताडता येतो. चारही कोपरे उघडे हवेत, बोट कशावरही नको. सर्टिफिकेट विकणाराच देत असेल तर तो नुसता कागद. माझ्या 6,000 च्या सर्टिफिकेटवर 'मर्क्युरी'चं स्पेलिंगच चुकलंय. आणि तुमच्याकडची माहिती आधी बोलू नका. त्याला बोलू द्या, चुकला तर चुकू द्या, दुरुस्त करू नका.

ग्रुपच्या ॲडमिनला कळवलं तर 'ग्रुप व्यवहारांना जबाबदार नाही' असं उत्तर आलं आणि माझी पोस्ट उडवली. त्याची नाही.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तो पुन्हा दिसला. नाव नवीन, अंगठा तोच. आता मालक पारशी नाहीत, कुलाब्याचे आहेत, आणि 1972 मध्ये लेड झेपेलिन या रॉक बँडचे पेज आणि प्लांट मुंबईत आले होते तेव्हा त्यांच्याकडून म्हणे 'बेस्ट ऑफ'च्या रेकॉर्डवर सही घेतली. पेज-प्लांट तेव्हा मुंबईत आले होते, हे खरं आहे. झेपेलिनचं पहिलं संकलन मात्र 1990 मध्ये निघालं. मागितलेत 40,000, टोकन 5,000. खाली एका गृहस्थांनी विचारलंय, 'अजून आहे का?' त्यांना मी मेसेज केलाय, अजून वाचलेला दिसत नाही. त्यांना ओळखणारं कुणी असेल तर फोन करून सांगा.