१० रुपयांचं टोकन आणि मावशीचं क्रेडिट कार्ड

‘एका थाळीवर दोन थाळ्या मोफत’ अशी जाहिरात फेसबुकवर दिसली आणि वर तुमच्या शहरातल्या नावाजलेल्या थाळीवाल्याचं नाव असलं, तरी कृपा करून तिच्यावर बोट ठेवू नका. मुंबई-दिल्लीत अशा जाहिरातींतून फसवणूक झाल्याचे गुन्हे काही वर्षांपासून नोंदले जात आहेत, वर्तमानपत्रांत बातम्याही येऊन गेल्या. तरीही हे चालूच आहे. आमच्या घरात ते माझ्या मावशीच्या बाबतीत घडलं.

मावशी पैशाला गाफील नाही. दुधाच्या पिशव्यांपासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळं तिच्या वहीत असतं. त्यामुळे ‘फुकटाच्या मोहाला बळी पडली’ असं कुणी म्हटलं की मला फार लागतं. काकांची पंचाहत्तरी होती, माणसं चौदा. शनिवार-रविवारी थाळीचा दर ५५०, म्हणजे ७,७०० रुपये आणि वर ५ टक्के जीएसटी. पेन्शनवर घर चालवणारा माणूस अशा वेळी कुठे चार पैसे वाचतात का ते बघणारच. ही टोळी नेमकी अशा हिशेबी माणसाची वाट बघत बसलेली असते.

जाहिरातीत थाळीचा फोटो त्या हॉटेलचाच होता. अळूवडी, बासुंदी, वाट्यांची मांडणी, सगळं ओळखीचं. नाव तेच, फक्त इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बुकिंगचं बटण दाबल्यावर व्हॉट्सअॅप उघडलं आणि दोन मिनिटांत फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. किती माणसं, एसीत बसणार की बाहेर, कुणाला बिनकांदा-लसणाचं लागतं का, हेही त्याने विचारलं. मग म्हणाला, “मॅडम, टेबल आमच्या अॅपवरून बुक होतं. फक्त १० रुपये टोकन, बिलातून वजा होईल.”

अॅप प्ले स्टोअरवर नव्हतं. व्हॉट्सअॅपवर एक फाइल आली, नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल. ती उघडताना फोनने धोक्याची सूचना दिली. तो म्हणाला, नवीन अॅप आहे म्हणून तसं येतं, ‘अलाउ’ करा. मग अॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. तीही त्याने फोनवर बोलता बोलता द्यायला लावली. पुढच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, माणसांची संख्या आणि १० रुपये भरण्यासाठी कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे.

यातली एक गोष्ट मला सगळ्यांना सांगायची आहे. मावशीने ओटीपी कुणालाही सांगितला नाही. त्याने विचारलाच नाही. तिच्या फोनवर येणारे एसएमएस ते अॅप परस्पर पुढे पाठवत होतं. ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ हे आपण इतकी वर्षं घोकतोय, पण या प्रकारात तेवढं पाळून भागत नाही. फोन चालू असतानाच ४९,५०० आणि पाठोपाठ ३८,००० असे दोन व्यवहार झाले. बँकेचे मेसेज तिने बघितले तेव्हा तो “बुकिंग कन्फर्म होतंय” म्हणून तिला बोलण्यात गुंतवून ठेवत होता.

नशिबाने माझी मावसबहीण घरात होती. तिने फोन हिसकावून घेतला, फ्लाइट मोडवर टाकला आणि स्वतःच्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं. लगेच १९३० ला फोन लावला. हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. तिथे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात, म्हणून मेसेज समोर ठेवूनच बोला. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले तिथपर्यंत निरोप जातो आणि पुढे सरकले नसतील तर अडवता येतात. आमचे ३८,००० तसे अडले आणि नंतर कार्डावर परत आले. ४९,५०० मात्र तोवर पार झाले होते.

बँकेने त्या रकमेवर हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवून सांगितलं, की ग्राहकाने स्वतः कार्डाची माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. त्याच परिपत्रकाची दुसरी बाजू बँक आपणहून सांगत नाही: कळवल्यानंतर जे जाईल ते नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक मिनिटासकट लिहून ठेवायला हवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. आमची तिथे चालू आहे.

आम्ही त्या खऱ्या हॉटेलातही जाऊन आलो. मॅनेजरने आम्हाला बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की मोबाइल दाखवत ‘ही ऑफर कुठे आहे’ विचारणारी कुटुंबं दर आठवड्याला येतात. गल्ल्यावर त्यांनी पाटीच लावली आहे, आमची फेसबुकवर कुठलीही ऑफर नाही. पण पाटी वाचायला माणूस हॉटेलात पोचावा लागतो, आणि पैसे त्याच्या आधीच गेलेले असतात.

माझ्या मते खरी-खोटी ऑफर ओळखायची खूण एकच: पैसे कधी मागतात. हॉटेलची खरी सवलत जेवण झाल्यावर, बिलात वजा होऊन दिसते. काही नामांकित अॅप टेबल राखायला आगाऊ रक्कम घेतात हे खरं, पण ती त्यांच्या प्ले स्टोअरवरच्या अॅपमध्येच. कुठलंही हॉटेल तुम्हाला व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवून १० रुपयांसाठी कार्डाचा नंबर मागणार नाही. शंका आली तर जाहिरात देणाऱ्या फेसबुक पेजच्या माहितीत ‘पेज ट्रान्सपरन्सी’ उघडा, पेज कधी सुरू झालं ते तिथे दिसतं. हॉटेल आजोबांच्या काळचं आणि पेज मागच्या महिन्यातलं असेल तर पुढे जायचं कारणच नाही. आणि फोन करायचा तर जुन्या बिलावरच्या नंबरवर करा, जाहिरातीतल्या नव्हे.

पैसे वाचवायचेच असतील तर ते वाचतात, आणि सरळ मार्गाने वाचतात. बऱ्याच थाळीवाल्यांकडे सोमवार ते शुक्रवार दर कमी असतो, लहान मुलांचा वेगळा असतो, मोठा घोळका असेल तर फोनवर विचारलं की मालक काहीतरी कमी करतो. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला दिसला तर काढायला सांगा. तो आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेतलं, हॉटेल असेल तर ते ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही, तसं बिलावर छापलेलं असावं लागतं. मावशीच्या चौदा माणसांच्या बिलात यातूनच हजारभर रुपये सहज सुटले असते.

अशी फाइल ज्यांनी आधीच उघडली आहे, त्यांनी पैसे गेले नसले तरी थांबू नका. आधी फोनचं नेट आणि सिम बंद करा, दुसऱ्या फोनवरून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण पुसू नका. नंबर, जाहिरात, फाइलचं नाव, सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. पोलिसांना ते लागतात. त्यानंतरच ते अॅप काढा, फोन रीसेट करून घ्या आणि पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या फोनवरून.